चाकांवरचं घर सादळतं तेव्हा

दिवाळीच्या आगेमागे विदर्भातल्या मलकापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या, की भावाच्याही आधी एक प्रश्न येतो: ओलावा किती? जाणता माणूस आधी मूठभर कापूस दाबून बघतो. मग त्यातली एखादी सरकी दाताखाली धरतो. कट्‌ आवाज करून फुटली तर माल वाळलेला, नुसती चेपली तर ओला. त्यानंतर मीटर कापसाच्या ढिगात खुपसला जातो आणि आकडा वाचला जातो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरतात. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापला जातो, आणि १२ च्या वर गेला तर माल घेतच नाहीत.

इंग्लंडात किंवा जर्मनीत मोटारहोमची वार्षिक तपासणी करणारा कारागीर जवळपास हेच करतो. राहण्या-झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या आत शिरून तो खिडकीखालच्या कोपऱ्यात, छताच्या कडेला, पलंगामागच्या भिंतीला मीटरच्या दोन टोकदार पिना टेकवतो. कोरड्या लाकडातून वीज जवळजवळ वाहत नाही, ओल्या लाकडातून वाहते. त्या फरकावरून मीटर टक्के सांगतो. १५ पर्यंत आकडा असला तर चिंता नाही. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला अनुकूल दिवस सुरू होतात. कापसाच्या व्यापाऱ्याला आणि मोटारहोमच्या कारागिराला एकमेकांची भाषा येत नसली, तरी दोघांचा शत्रू एकच आहे आणि त्याला पकडायचं हत्यारही एकाच तत्त्वावरचं आहे.

विदर्भात मोटारहोम अजून तुरळकच दिसतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मात्र जुन्या मिनीबसचं किंवा मोठ्या व्हॅनचं घर करून घेणाऱ्यांची हौस वाढताना दिसते. गाडी घेताना इंजिन, बिछाने, शेगडी, सोलर या सगळ्याची चौकशी होते. गाडी चार महिने उभी राहील तेव्हा तिचं काय करायचं, हे सहसा कोणी विचारत नाही. युरोपात हा प्रश्न हिवाळ्यात येतो. तिथे ऑक्टोबरात गाडी बंद करतात आणि वसंतात उघडतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, नळ्या आणि पंप फोडतं, म्हणून सगळ्या टाक्या आधी रिकाम्या करतात. मलकापुरात नळातलं पाणी गोठायची भीती नाही. इथे गाडी जूनमध्ये बंद होते आणि ऑक्टोबरात उघडते. बंद गाडीचं कॅलेंडर उलटं झालं तरी ओल तीच.

ती येते कुठून? पहिलं उत्तर सगळे देतात: गळतीतून. ते खरं आहे, पण अपुरं आहे. एक थेंबही न गळणारी गाडी आतून कुजू शकते, आणि ते समजून घ्यायला थोडा हिशेब मांडावा लागतो.

हवेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. आता पाऊस नुकताच सरल्यानंतरची एक संध्याकाळ घेऊ. बंद गाडीत २८ अंशांची हवा आहे, आर्द्रता ६० टक्के. म्हणजे दर घनमीटरला साधारण १६ ग्रॅम वाफ. रात्री आकाश निरभ्र असतं, छताचा पत्रा उष्णता वर फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. तो १५ अंशांवर आला की त्याला चिकटलेल्या हवेत १३ ग्रॅमही मावत नाहीत. उरलेली वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसते. मध्यम गाडीत १२ घनमीटर हवा धरली, तर सगळा हिशेब पाव वाटी पाण्याचा.

पाव वाटीने काय होणार, असं वाटू शकतं. पण हे पाणी कुठे जात नाही. सकाळी पत्रा तापला की त्याची पुन्हा वाफ होते, दिवसभर ती गादीच्या फोममध्ये, पडद्यात, प्लायच्या कापलेल्या कडेत शिरते, आणि रात्री पुन्हा फेरी सुरू. पत्र्यावर पाव वाटी पाणी बसतं तेव्हा फोम, कापड आणि लाकूड मिळून कित्येक लिटर पाणी धरून बसलेले असू शकतात. हवा हा फक्त रस्ता आहे. कोठार वेगळंच आहे.

आणि ते कोठार बहुतेक वेळा माणूस स्वतः भरतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. शेगडीवर एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की ज्वलनातूनच सुमारे दीड लिटर पाणी तयार होतं. भाताची आणि चहाची वाफ त्यावर वेगळी. सहलीहून परतून सामान उतरवलं आणि त्याच संध्याकाळी दारं-खिडक्या घट्ट लावल्या, तर चार माणसांचा आठवडाभराचा दमटपणा कुलपात गेला. ओले केस घट्ट बांधून ठेवावेत तसं ते होतं.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: सादळणं. पापड सादळतो, काडेपेटी सादळते, कुरमुरे सादळतात. कुठलीही वस्तू पाण्यात न पडता, नुसत्या हवेने ओली होते, तिचा ताठपणा जातो. मोटारहोम गळतं कमी आणि सादळतं जास्त.

स्वयंपाकघरात यासाठी एक बिनखर्चाचं मोजमापही आहे. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं; त्याखाली ते कोरडं राहतं. घरातल्या बहुतेक बुरशींची वाढ ७० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात जोर धरते. म्हणजे बशीत ठेवलेलं बारीक मीठ पाझरलं, तर त्या जागेत बुरशीचे दिवस आले असं समजायला हरकत नाही. खडेमीठ यासाठी चालत नाही. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते फार लवकर हवेतलं पाणी ओढतात. मात्र मिठाचं काम इशाऱ्यापुरतं. गाडीत मिठाच्या परड्या भरून ठेवल्याने ओल जाईल ही समजूत चुकीची. ७५ टक्क्यांच्या खाली मीठ हवेतून काही घेत नाही, आणि हवी असलेली पातळी त्याच्या बरीच खाली आहे.

आता मलकापूरच्या पट्ट्याकडे पाहू. पूर्णेच्या खोऱ्यातली ही सपाट काळी जमीन. वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या पावसाचा एक लहानसा हिस्सा. म्हणून इथे ओलीचं काय एवढं, असं म्हणून लोक गाफील राहतात. पण इथल्या गाडीचं नुकसान पावसाआधीच सुरू झालेलं असतं, ते मे महिन्यात. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६५ अंशांना सहज पोचतो. ॲल्युमिनियमचं ५ मीटर लांबीचं छत पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या त्या तापापर्यंत ४-५ मिलिमीटर लांबतं आणि रात्री पुन्हा आखडतं. रोज. त्याला चिकटलेली फायबरची झडप, प्लास्टिकची खिडकीची चौकट, खालचं लाकूड हे सगळे वेगवेगळ्या प्रमाणात लांबतात. मधला सील हा ताण झेलत असतो. रबर उन्हाने टणक होतं, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या पहिल्या सरीला त्या भेगा पाणी आत ओढून घेतात. एवढ्या बारीक फटीत पाणी स्वतःच्या चिकटपणाने चढतंही. म्हणून छतावरच्या प्रत्येक सांध्याची तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवी, पाऊस लागल्यावर नव्हे. पेंटरकडची लांबी किंवा दगडासारखं कडक होणारं कुठलंही सील भरून ही भेग बुजत नाही. छत हलणारच आहे, म्हणून वाळल्यावरही लवचीक राहणारं सीलच हवं.

मग येते ताडपत्री. इथेच सर्वांत मोठी आणि सर्वांत सद्‌हेतूने केलेली चूक होते.

गाडीवर जाड प्लास्टिकची ताडपत्री टाकून, चारी बाजूंनी दोऱ्यांनी आवळून, खाली विटा ठेवून मालक निर्धास्त होतो. पाऊस वरून थांबतो हे खरं. पण काळ्या जमिनीने जून-जुलैत प्यालेलं पाणी गाडीखालून सतत वाफ होऊन वर येत असतं, आणि त्या वाफेला आता बाहेर जायला वाट नाही. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, ते पत्र्यावर टपकतात. वारा सुटला की ताडपत्री फडफडून रंगही घासते. नवरात्रात ती काढली की काय दिसतं ते पाहण्यासारखं असतं. दार उघडताच कुबट, आंबूस वास नाकात बसतो. स्टिअरिंगवर जिथे जिथे तळहात लागायचे तिथे भुऱ्या रंगाचे ठिपके आलेले असतात, कारण घामाचा आणि तेलाचा अंश बुरशीला खाद्य पुरवतो. सीटचा पट्टा ओढला तर तो आखडत नाही, हातात मऊ लागतो. पलंगावरची गादी वरून कोरडी असते. उचलली की खालच्या बाजूला पलंगाच्या फळीच्या आकाराचा काळपट नकाशा उमटलेला असतो. फळीला अंगठ्याने दाबलं तर प्लायचे पापुद्रे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे सुटतात. एवढं सगळं होऊनही पाणी शिरल्याची एकही खूण सापडत नाही.

प्लास्टिक वापरायचं तर ते गाडीच्या वर नको, खाली हवं. मुरूम टाकून, चोपून उंच केलेली जागा किंवा कोबा असेल तर उत्तमच. नसेल तर गाडीखाली जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून कडांवर दगड ठेवले, तरी जमिनीची वाफ मोठ्या प्रमाणात अडते. काळ्या मातीवर थेट उभी केलेली गाडी तशीही धोक्यात असते. ती माती पावसात फुगते, चाक रुततं, गाडी एका कुशीवर झुकते आणि छतावरचं पाणी वाहून न जाता एका कोपऱ्यात साचतं. वर छप्पर हवं ते गाडीपासून हात-दोन हात उंच, बाजूने मोकळं. मलकापूरच्या जिनिंगमधल्या उंच पत्र्याच्या शेड आणि त्यांच्या वरचे झरोके आठवले की नेमकं काय हवं ते डोळ्यांपुढे येतं.

साठवणीच्या दोन रीती महाराष्ट्राला जुन्या काळापासून ठाऊक आहेत आणि दोन्ही पूर्ण आहेत. एक पेवाची. कठीण जमिनीत खणलेल्या खड्ड्याला आतून कडबा लावून, कडकडीत वाळवलेलं धान्य भरून तोंड लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू संपत जातो आणि किडे मरतात; पेव उघडताना गुदमरण्याचा धोका असतो तो याचमुळे. या रीतीत सगळी मदार वाळवण्यावर आहे. ओलं धान्य पेवात घातलं तर पेव नासतं. दुसरी रीत मोकळ्या हवेची: कडब्याची गंजी, कणसांचा माळा, दोरीवर टांगलेला लसूण. इथे वस्तू पुरती वाळलेली नसली तरी चालतं, कारण वारा रोज थोडं थोडं पाणी घेऊन जातो. मोटारहोमलाही या दोनच वाटा आहेत. पूर्ण वाळवून घट्ट बंद करा आणि आत ओल शोषणारं काही ठेवा, नाहीतर कोरड्या छपराखाली उभं करून वारा खेळता ठेवा. अर्धी ओली, अर्धी बंद ही तिसरी वाट बुरशीची आहे, आणि बहुतेक गाड्या त्याच वाटेवर उभ्या असतात.

विजेची सोय आणि घट्ट दारं असतील तर पहिली वाट धरता येते. ओल शोषणारी विजेची यंत्रं आपल्या उबदार पावसाळ्यात चांगलं काम करतात. थंड देशात त्यांची ताकद उलट कमी पडते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या ३०-४० टक्के पाणी घेतं, म्हणजे किलोभर जेलने फार तर ४०० ग्रॅम. त्यानंतर ते तापवून वाळवावं लागतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त पाणी ओढतात, पण त्यांत साचणारं खारं द्रावण सांडलं तर पत्रा गंजतो, म्हणून डबा घमेल्यात ठेवलेला बरा. यातलं काहीही उघड्या खिडकीसोबत वापरण्यात अर्थ नाही.

वीज नसेल, आणि गावाकडच्या शेडमध्ये बहुधा नसतेच, तर दुसरी वाट खात्रीची. गाद्या गाडीतून काढून घरात न्याव्यात. ते जमत नसेल तर कडेवर उभ्या कराव्यात, भिंतीला न टेकवता. कपाटांची, फ्रिजची, संडासाची दारं उघडी ठेवून त्यांत लाकडाचा तुकडा अडकवावा, म्हणजे ती आपोआप मिटत नाहीत. गालिचे, पडदे, उशा, पुस्तकं बाहेर. छतावरची झडप पावसाचं पाणी येणार नाही इतपत किलकिली, आणि खालच्या बाजूला जाळीची फट उघडी: गरम दमट हवा वरून निघते, खालून नवी येते. मुसळधार पावसाच्या दिवसांत बाहेरची हवाच ओलीचिंब असते हे खरं, पण पावसाची उघडीप मिळाली, दुपारी ऊन पडलं, की दोन तास सगळी दारं सताड उघडावीत. आठवड्यातून एकदा घडलेली ही फेरी मोठमोठ्या उपकरणांच्या तोडीची ठरते.

जाळी मात्र बारीक हवी. पेरणीनंतर शेतात पाणी भरलं की उंदीर कोरडी जागा शोधत गावात येतात, आणि उभ्या गाडीतला फोम त्यांना घरट्यासाठी फार सोयीचा. नळ्या-तारा आत जातात त्या भोकांभोवती भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरली तर ते कुरतडत नाहीत. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण काढून वाळवावी; साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते.

इंजिनाकडचं काम सोपं आहे आणि मेकॅनिकला ठाऊक असतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टोक सोडवावं, महिन्यातून एकदा १२.४ व्होल्टच्या खाली गेली नाही ना पाहावं. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ टाकीत पाणी होऊन उतरते आणि डिझेल-पाण्याच्या सांध्यावर जंतूंचा गाळ वाढतो. हँडब्रेक न लावता गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून गाडी उभी करावी. नाहीतर ब्रेक धरून बसतात.

चाकांवरचा संसार कोरडा ठेवायची ही विद्या महाराष्ट्रात नवी नाही, तिला फक्त मोटारहोमचं नाव नव्हतं. तमाशाचे मोठे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी परततात. पावसाळाभर त्यांचे ट्रक, तंबू, कनाती, पडदे आणि वाद्यं कुठेतरी कोरडी ठेवावी लागतात. एक कनात ओली घडी झाली तर पुढच्या हंगामात ती दोरी ताणताच फाटते, कारण बुरशीने सुताचा धागाच खाल्लेला असतो. जत्रांतून फिरणाऱ्या तंबू सिनेमांचंही तेच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात महाराष्ट्रातले हे फिरते सिनेमावाले आणि त्यांचे थकलेले ट्रक दिसतात. रिळावरचा जिलेटिनचा थर बुरशीला फार आवडतो, त्यामुळे त्यांच्यासाठी ओल म्हणजे थेट पोटावर पाय होता.

वारीचे ट्रक तर ऐन पावसातलं चाकांवरचं घर. शेजारच्या शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पायी पंढरपूरला जाते. वारीतल्या दिंड्यांबरोबर ट्रक असतात. त्यांत शिधा, भांडी, अंथरुणं आणि रोज सकाळी ओल्याच गुंडाळाव्या लागणाऱ्या राहुट्या. वाटेत इलाज नसतो. पण परतल्यावर त्या राहुट्या उन्हात दोन्ही अंगांनी वाळवून, दोऱ्यांच्या गाठी सोडून मगच वर ठेवल्या, तर पुढच्या आषाढीला त्या तशाच निघतात. शिवणीच्या जागी कापडाचे तीन-चार पदर असतात आणि तिथली ओल सर्वांत शेवटी जाते, म्हणून हाताने चाचपून पाहायचं ते शिवणीला. मोटारहोमच्या गादीची खोळ आणि बाजूला ताणायच्या छपरीचं कापड तपासतानाही बोट शिवणीवरच ठेवावं.

ऑक्टोबरात पाऊस माघारी गेला की गाडी उघडायची घाई होते. त्या दिवसांत उन्हाची तिरीप कडक असते, गाद्या अंगणात बाजेवर टाकल्या की दोन दिवसांत हलक्या होतात, आणि पिनांचा मीटर मिळाला तर कोपऱ्याकोपऱ्यात टेकवून आकडे लिहून ठेवण्याची हीच वेळ. पुढच्या वर्षी त्याच जागी आकडा चढला, तर गळती कुठे आहे ते भिंत न खोलता कळतं.

पण ओलीचा हंगाम तेव्हा संपलेला नसतो. कार्तिकात रात्री गार पडतात, पऱ्हाटीच्या बोंडांवर दहिवर पडतं आणि गाडीच्या छताखालीही तेच थेंब धरतात. वेचणीला आलेल्या बाया तेव्हा सूर्य वर येईपर्यंत धुऱ्यावर थांबतात, कारण दवाने भिजलेला कापूस वेचला तर तो गंजीत तापतो, पिवळा पडतो आणि मीटरवर पकडला जातो. ऊन चढून बोंड हाताला कोरडं लागलं, की त्या ओटी बांधून वावरात उतरतात. गाडीचं छत फडक्याने पुसून दारं उघडायची वेळही तीच.